ताईले सांगतलेला अर्थ

नागपूर, २० जानेवारी २०२५

ताई वं,

जयभीम. तू फोन उचलून नाही राहिली म्हणून कागद घेतला. पायलले लावला तं ती म्हणते, "मामा, आई समोरच बसली आहे, पण बोलत नाही म्हणते." कमाल आहे बाप्पा! पोरीच्या समोर बसलेल्या माणसाले आता टपालानं गाठायचं. अक्षर मोठं काढून राहिलो, नव्या डोळ्यावर ताण नको.

पहिले कामाचं. थेंबाची बाटली टीव्हीपाशीच राहिली तुही. औषधाचं नाव मी पायलच्या मोबाइलवर धाडलं, तिनं भिवापुरातल्या मेडिकलमधून आणली असंल. डॉक्टरनं सांगतलं तसे थेंब टाकायचे, आठवण आली तसे नाही. काळा चष्मा काढायचा नाही. अन् मिरचीवर जायचं नाही म्हणजे नाही. सीझन आहे हे मले कळते. बायका सकाळी दारातून हाका मारतात अन् तुले घरात करमत नाही, हेही कळते. पण देठ तोडता तोडता तो तिखट हात एक वेळ डोळ्याले लागला का सगळं आपरेशन पाण्यात. डॉक्टर हे बोलले तेव्हा तू खुर्चीवर बसून मान हलवत होती, मी पाह्यली.

दुसऱ्या डोळ्याचा नंबर दहा फेब्रुवारीले आहे. रामदासपेठेतल्या त्या डॉक्टरची तारीख लवकर भेटत नाही. ही हुकली तं उन्हाळ्यावर गेली समज, अन् तो डोळा तितका थांबणार नाही हे त्यांनी तुह्या तोंडावर सांगतलं आहे.

आता मले सांग, अशी न बोलता काहून गेली? मी वर्गावर, दिपाली ऑफिसात. घरी येऊन पाहतो तं दाराले कुलूप अन् चावी बाजूच्या शोभाताईकडे. शोभाताई म्हणे, "पिशवी घेऊन गेल्या, चहा घ्या म्हटलं तं नको म्हणाल्या." तू अन् चहाले नको म्हणते! दिपालीशी काही झालं का? तिनं तं तुह्यासाठी रजा टाकल्या होत्या. का पोळ्यांचं काही? तुले पोळी नको, भाकर पायजे होती, तं तोंड उघडायचं ना वं. मी डोकं खाजवून राहिलो, मले तं काही कारण दिसत नाही.

माणसानं रागवावं, माह्यं काही म्हणणं नाही. पण कारण तं सांगावं! मोठी आहे म्हणून काहीही करशील का? शोभाताई रोज विचारतात, काय सांगू त्यांले?

इंग्रजीचा वर्ग चांगला चालून राहिला. डेमोनंतर नवी बॅच भरली. पोरं विचारतात, "सर, मागच्या बाकावरच्या मॅडम येत नाहीत का आता?" मी म्हटलं, गावाले गेल्या.

पत्र मिळालं का पायलले सांग, ती मले सांगंल.

तुहा
प्रीतम

&nbsp;

नागपूर, २६ जानेवारी

ताई,

काल पायलचा फोन आला अन् तिनं मले धुवून काढलं. माह्या मांडीवर खेळलेली पोरगी, मले म्हणते, "मामा, नाटक करू नका. दवाखान्यातल्या नर्सबाईनं आईले अर्थ सांगतला." मी काही बोलणार तं तिनं फोनच ठेवून दिला. परत लावला तं उचलला नाही. आता दोघीजणी झाल्या.

बरं. म्हणजे वाक्याची गोष्ट आहे. तं नीट ऐक, मी समजावून सांगतो, तू समजते तसं ते नाही.

इंग्रजीत 'नाही' म्हटलं अन् त्याच्यावर जोर द्यायचा असला का शेवटी अ‍ॅट ऑल लावतात. आय अ‍ॅम नॉट टायर्ड, मी थकलो नाही. त्याच्यापुढं अ‍ॅट ऑल लावलं का, मी अजिबात थकलो नाही. जोर देण्यापुरतं आहे. पोरांले हा शब्द लवकर आवडते. मुलाखतीले जाणारे घाबरट पोरं सगळ्यात पहिले हेच वाक्य पाठ करतात, आय अ‍ॅम नॉट नर्व्हस अ‍ॅट ऑल, अन् म्हणतांना हात असे लटलट कापत असतात.

माह्या वर्गाची पद्धत तू पाहिली आहे. नवा शब्द आला का पहिलं वाक्य सरांनी द्यायचं, अन् तेही घरचं. पुस्तकातलं चालत नाही. मंग सगळ्यांनी मोठ्यानं तीन वेळा म्हणायचं. अ‍ॅट ऑलचं वाक्य मी दर बॅचले दिपालीवर देतो, माय वाइफ कॅनॉट कुक अ‍ॅट ऑल. पोरं हसतात, शब्द डोक्यात बसतो. दिपालीले माहीत आहे. ती घरी आली का मले बेलणं दाखवते, अन् झालं, विषय संपला. कोणी पिशवी भरून जात नाही.

त्या दिवशी डेमो होता. पालक भिंतीले लागून उभे. कुही गावाकडून आलेला एक बाप होता, त्यानं विचारलं, "सर, आमच्या घरात कोणालेच येत नाही, मंग पोराले कसं येईल?" तेवढ्यात तू मागच्या बाकावर दिसली, काळा चष्मा लावून. अन् माह्या तोंडून निघून गेलं. माय सिस्टर डज नॉट नो एनीथिंग अ‍ॅट ऑल. निघून गेलं, ताई. दिपालीच्या जागी तू आली, एवढंच. वर्गातलं वाक्य वर्गातच पुसल्या जाते, फळ्यासारखं. ते काही तुह्याबद्दलचं माह्यं मत नाही.

आता त्या नर्सबाईनं शब्दाले शब्द लावून सांगतलं असंल तं तिले काय माहीत मागचंपुढचं? तुले वाईट वाटलं असंल तं मले वाईट वाटते. झालं? आता येशील?

पायल म्हणत होती का शेजारच्या बायका परवा तुले मिरचीच्या सातऱ्यावर, देठ तोडायले, बोलवायले आल्या होत्या. तिथं हातभर मिरची पसरली असते, नुसतं जवळून गेलं तरी चांगल्या डोळ्याले पाणी येते. गेली का तू? एवढं तरी सांग.

प्रीतम

&nbsp;

नागपूर, १ फेब्रुवारी

ताई,

मागचं पत्र पेटीत टाकून आलो तं दिपालीनं विचारलं, "ते लिहिलं ना?" मी म्हटलं, लिहिलं. ती म्हणे, "पूर्ण?" मी म्हटलं, हो. मंग ती मटार सोलत बसली. तेव्हापासून घरात माह्याशी कामापुरतं बोलून राहिली.

लिहिलं नव्हतं. आता लिहितो. लाज वाटून राहिली, पण लिहितो.

ते वाक्य तोंडून निघून गेलं नाही. मी तुह्याकडे हात केला होता. त्या बापाले म्हटलं, "ती पाहा, ती माझी सख्खी बहीण. एकाच घरातले आम्ही दोघं. ती तशी राहिली, अन् मी असा उभा आहे तुमच्यासमोर." हे मराठीत बोललो, पण हळू, पुढच्या लोकांले ऐकू येईल इतकंच. मंग फळ्याकडे वळलो अन् वाक्य दिलं. लोक मागे वळून पाहू लागले. तुले वाटलं ते तुले वर्गात बसलेली पाहून कौतुक करून राहिले. तू पदर सावरला अन् त्यांले हात जोडून जयभीम केला. मले ते दिसलं. अन् मी पोरांले म्हटलं, रिपीट.

सगळ्यात मोठा आवाज तुहा होता, ताई. तीन वेळा. तिसऱ्या वेळेले तं पोरांचं म्हणून झालं होतं अन् तुह्यं अ‍ॅट ऑल मागून एकटं आलं. लोक हसले. तूही हसली.

ती बॅच त्याच दिवशी भरली. त्या कुहीच्या बापानं जातांना माह्या पाठीवर हात ठेवला.

आता पुढचं. त्या संध्याकाळी तू गॅसजवळ उभी राहून भाकर थापता थापता तेच म्हणून राहिली होती, माय सिस्टर डज नॉट नो. मधेच अडकली का मले विचारायची, "गा प्रीतम, याच्यापुढं काय?" अन् मी पुढचं सांगायचो! मंग तू विचारलं, "अर्थ काय होते गा याचा?" मी टीव्हीकडे पाहत होतो. मले तेव्हा खरं सांगता आलं असतं. तू एक लाटणं फेकून मारलं असतं, दोन शिव्या दिल्या असत्या, अन् रात्री आपण जेवलो असतो. पण मी म्हटलं, "माह्या बहिणीसारखं कोणी नाही, अजिबात नाही, असा अर्थ होते."

तुह्या हातातली भाकर तव्यावर जायची राहिली. तू म्हटलं, "पोरांसमोर असं म्हटलं तू?" मी म्हटलं, हो.

दिपाली दारातच होती. तिनं सगळं ऐकलं. ती मले आत बोलावून म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा त्यांले." मी म्हटलं, सांगतो. उद्या सांगतो, मंग परवा सांगतो, असं करत राहिलो. तू आपली खूश. भाजीवाल्याले म्हणून दाखवलं. शोभाताईले म्हणून दाखवलं. त्यांले इंग्रजी येत नाही, त्या म्हणे, वा वा, मावशी! मले वाटलं, घरातल्या घरात आहे, विरून जाईल.

मंग तपासणीले गेलो. तू तिथं त्या नर्सबाईले म्हटलं, "माह्या भावाचा वर्ग आहे. त्यानं माह्यावर वाक्य केलं. ऐका." अन् उभी राहून म्हटलं, पोरं म्हणतात तसं, हात मागे बांधून. मी दोन पावलांवर फाइल घेऊन उभा होतो. बाजूच्या दोन नर्सा एकमेकींकडे पाहून हसल्या. एकीनं विचारलं, "कोणाच्या बहिणीले येत नाही, मावशी?" मी मोबाइल कानाले लावला. कोणाचा फोन नव्हता. बोलत बोलत बाहेर निघून गेलो, ऑटो आणतो असा हात केला तुले. परत आलो तेव्हा तू बाकावर बसली होती अन् ती नर्सबाई तुह्या बाजूले वाकून काही सांगत होती. ती हसत नव्हती. मले तेव्हाच समजलं. ऑटोत तू रस्ताभर बाहेर पाहत होती अन् मी तुले विचारलं, "ऊन लागते का डोळ्याले?"

दुसऱ्या दिवशी तू गेली. अन् मी तुले पत्रात पोळ्यांचं विचारलं. काय माणूस आहो मी!

परवा वर्गात ठरवलं का आज सगळ्यांसमोर सांगून टाकायचं, म्हणजे छातीवरचं जाईल. फळ्यापाशी उभा राहून म्हटलं, "आय टोल्ड अ लाय टू माय सिस्टर." म्हणजे मी माह्या बहिणीशी खोटं बोललो. पुढं बोलायचं होतं. पण पोरांले वाटलं, नवीन वाक्य आलं. अख्ख्या वर्गानं एका सुरात तीन वेळा म्हटलं. मी ओरडलो, "नो, नो, लिसन टू मी!" त्यांनी तेही म्हटलं. मंग मी खुर्चीवर बसलो अन् त्यांले लवकर सोडून दिलं.

घरी येऊन दिपालीले सांगतलं. ती म्हणाली, "इंग्रजीत कबूल केलं का तुम्ही? म्हणजे ताईंले अजूनही काही सांगतलंच नाही."

खरं आहे. म्हणून हे आपल्या भाषेत लिहिलं, मोठ्या अक्षरात. मी तुह्याशी खोटं बोललो, ताई. तुले लोकांसमोर उभी केली अन् तुह्याच तोंडून तुले नावं ठेवून घेतली. मले तुहं तोंड पाहायची हिंमत नाही, पण तुहा डोळा जाऊ नये. तू दहाले ये. माह्या घरी उतरू नको पायजे तं. पायलसोबत परस्पर दवाखान्यात जा, मी रस्त्यात दिसणार नाही. पण ये.

प्रीतम

&nbsp;

भिवापूर, ५ फेब्रुवारी

गा प्रीतम,

तुही तिन्ही पत्रं भेटली. पायल वाचून दाखवते म्हणे, मी म्हटलं आण इकडे. तू आपरेशन करून दिलं त्याच डोळ्यानं वाचली. आता साफ दिसते. काय काय दिसते ते तुले माहीतच आहे.

मिरचीवर गेली नाही. जाणार होती. पायलनं चपला लपवल्या अन् दाराले आडवी झाली. घरात बसून बसून जीव गेला. थेंब टाकून राहिली.

तू लय लिहिलं. एवढं लिहायले येते तं त्या दिवशी टीव्ही काहून पाहत होता? मले काही येत नाही हे मले माहीत आहे. चौथीतून उठली मी, त्यात कोणाले नवीन सांगायचं काय आहे. तू ते वाक्य मराठीत म्हटलं असतं तं मी वर्गातच तुह्या पाठीत धपाटा घातला असता अन् तिथंच खतम झालं असतं. त्या दोघी हसल्या त्याचंही काही नाही, मीही हसली असती.

तुह्या वाक्याचा राग नाही गा. तू जो अर्थ सांगतला त्याचा राग आहे. तो अर्थ मले लय आवडला होता. रात्री पडल्या पडल्या तोच म्हणत होती मी. पायलचे बाबा गेले तेव्हापासून माह्याबद्दल कोणी असं काही बोललं नव्हतं. मले वाटलं, पोरगं शिकलं, मास्तर झालं, अन् एवढ्या लोकांसमोर बहिणीचं नाव घेते. त्या नर्सबाईले मी ते उगीच नाही म्हणून दाखवलं. ती बिचारी मले सांगतांना रडकुंडीले आली होती. म्हणे, मावशी, तुम्ही हे परत कोणाले म्हणू नका. म्हटलं, बाई, मी आठवडाभर सगळ्यांले म्हणून राहिली.

तू पळून गेला मोबाइल घेऊन. ते मले दिसलं होतं. एका डोळ्यानंही दिसलं.

दहा तारखेचं मी अजून ठरवलं नाही. पायल रडते, तिच्यासाठी यावं वाटते, मंग नाही वाटत. तू एक कर. तू जो अर्थ सांगतला त्याचं खरं इंग्रजी काय होते, ते मले लिहून धाड. आपल्या अक्षरात लिही, मले तुमचे एबीसीडी येत नाहीत. ते पाहीन अन् मंग काय ते ठरवीन.

दिपालीले म्हण, भाकर पोळीचं काही नव्हतं, तिच्या पोळ्या मऊ होतात.

सरिता

&nbsp;

नागपूर, ८ फेब्रुवारी

ताई वं,

टपालानं वेळेत पोचणार नाही म्हणून हे पाकीट भिवापूर गाडीच्या कंडक्टरजवळ देऊन राहिलो. पायल स्टँडवर येऊन घेईल, तिले सांगून ठेवलं आहे.

वाक्य सोपं नव्हतं. पहिले जसं सुचलं तसं लिहिलं, मंग वाटलं याच्यातही काही चूक राहिली तं माह्यं तोंड काळं होईल. इतकी वर्षं शिकवून राहिलो अन् एका वाक्यासाठी पुस्तकं काढून बसलो. दिपाली म्हणे, "आता कसं सापडून नाही राहिलं?" चारदा खोडलं. आज सकाळी वर्गात ते फळ्यावर लिहिलं अन् पोरांले म्हटलं, हे म्हणायचं नाही, फक्त पाहायचं. त्यांले जमत नव्हतं, तोंडं आपोआप उघडत होती. ज्यांनी त्या दिवशी मागे वळून पाहिलं होतं त्यांले मी मराठीत सांगतलं का ते वाक्य खोटं होतं, अन् तिले अर्थ मी खोटा सांगतला होता. कोणी हसलं नाही. नूपुर नावाची पोरगी पहिल्या बाकावर बसते, तिनं माह्याकडे पाहिलं अन् मान खाली घातली. माह्या वर्गातल्या पोरीले माह्यासाठी लाज वाटली, ताई. मले ते बरंच वाटलं.

ते वाक्य फळ्यावर तसंच ठेवलं आहे. पुसलं नाही. खाली जागा कमी पडते, तं मी आज बाकीचं भिंतीवर कागद लावून शिकवलं.

हे घे, आपल्या अक्षरात, मोठं काढून:

देअर इज नो वन अ‍ॅट ऑल लाइक माय सिस्टर.

हळूहळू म्हण. अ‍ॅट ऑल मधे येते, तिथं जोर दे. तुहा आवाज चांगला आहे.

अर्थ मी नाही सांगत. माह्यावर भरवसा ठेवू नको. पायलले विचार. अन् तिनं मामाची बाजू घेतली असं वाटलं तं दहा तारखेले दवाखान्यात त्या नर्सबाईले विचार.

प्रीतम